तळहातावरचा एप्सिलॉन

ताईला गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हापासून ती गणित मोठ्यानं वाचत आली होती.

त्याला कारण तिचा धाकटा भाऊ. छोट्या आठवीत असताना एका तापात त्याचे डोळे गेले. आधी फळ्यावरची अक्षरं पुसट झाली, मग फळाच पुसट झाला, आणि शेवटी खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळायचं, तेही राहिलं नाही. डॉक्टरांनी हात टेकले. आईवडील इतके हबकले, की घरात कुणी त्याच्यासमोर पुस्तकाचं नावसुद्धा काढेना. मग एक दिवस तोच म्हणाला, "ताई, माझं गणिताचं पुस्तक कुठं गेलं?"

"कपाटात आहे."

"कपाटाला गणित शिकवायचंय का? वाच की."

ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. ती वाचायला लागली ती लागलीच.

तो कॉलेजात गेला, तेव्हा पुस्तकांत परकी चिन्हं आली. ताई एका दुपारी त्याच्या सरांकडं गेली आणि त्यांच्यासमोर बसून एकेका चिन्हाचं नाव गिरवून आली. हा एप्सिलॉन, हा डेल्टा, ही सिग्मा. तिला नावं आणि रूपं ठाऊक होती, अर्थ नाही. छोट्याला अर्थ लगेच कळायचा. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये टेबल, ती वाचतेय, तो मान एका बाजूला कलती करून ऐकतोय, मध्येच "थांब, परत" म्हणतोय, असं वर्षानुवर्षं चाललं. तो ब्रेलही शिकला, पण बोटं त्याच्या डोक्याइतकी चपळ नव्हती. "बोटांनी वाचलं की मी बैलगाडीत बसतो," तो म्हणायचा, "ताईनं वाचलं की मोटारीत."

तिला गणित कळलं ते भाजी चिरताना. तो एक श्रेणी पाठ करत होता : एक, त्यात निम्मा, त्यात तिसरा हिस्सा, त्यात चौथा, पाचवा, असं पुढं कधीच न संपणारं.

"हिची बेरीज कुठंच थांबत नाही," तो म्हणाला. "कितीही मोठी संख्या सांग, ही तिच्या पलीकडं जाते."

"काहीतरीच! पदं लहान लहान होत शून्याला टेकतात म्हणालास ना? मग चिमूटभर चिमूटभर घालून डोंगर कसा होईल?"

"तूच सांग कसा होईल."

ती चिडून परत चिरायला लागली. हात चालू, डोक्यात तेच. तिसरा हिस्सा आणि चौथा हिस्सा मिळून निम्म्याहून जास्त होतात. पुढचे चार घेतले, पाचव्यापासून आठव्यापर्यंत, तर तेही मिळून निम्म्याहून जास्त. त्यापुढचे आठ घेतले की पुन्हा निम्म्याहून जास्त. म्हणजे पाहिजे तितके निम्मे मिळतच राहणार. तिनं सुरी खाली ठेवली.

"अरे, हे तर संपतच नाही," ती म्हणाली.

छोट्या इतका हसला, की आई बघायला आली.

त्या दिवसापासून ती नुसती वाचेना, भांडायलाही लागली. तिनं पदवीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं आणि एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन बोर्डावर नोकरी धरली होती. सकाळची पाळी. तिचा आवाज स्वच्छ, जराही न घोगरणारा. घाबरलेल्या नातेवाइकाला वॉर्डाचा नंबर तिनं एकदा सांगितला, की परत विचारावा लागत नसे. इस्पितळातल्या एका औषधनिर्मात्याचा त्या आवाजावरच जीव जडला होता. तो दोन वर्षं थांबला. मग त्याची बदली झाली, आणि निघताना त्यानं विचारलं, "तुमच्या भावाला दुसरं कुणी वाचून दाखवू शकणार नाही का?" ताई म्हणाली, "दाखवेल की. पण मला ऐकायला कोण मिळणार?" हे उत्तर त्याला समजलं नाही, आणि तिलाही ते पुरतं समजलं ते फार उशिरा.

छोट्या प्राध्यापक झाला. जगाला तो 'सर' झाला. छोट्या म्हणणारी एकटी ताईच उरली. आईवडील गेले. छोट्याचं लग्न झालं. भावजय शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, जे येईल ते. तिचं मशीन पुढच्या खोलीत, वाचन मागच्या खोलीत. ती मनानं मोकळी, कष्टाळू, आणि तोंडानं जरा फटकळ.

"तुमच्या दोघांचं चालू झालं, की मला वाटतं मी परक्या देशात नांदायला आलेय," ती म्हणायची. म्हणताना हसायची, पण मागच्या खोलीत चहा ठेवून लगेच बाहेर पडायची. त्या दाराच्या आत आपलं काही काम नाही, हे तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि ताईनंही तिला कधी 'बस' म्हटलं नव्हतं.

पन्नाशी उलटल्यावर छोट्यानं पुस्तक लिहायला घेतलं. क्रमिका आणि श्रेणी, म्हणजे संख्यांच्या रांगा आणि त्यांच्या बेरजा; पदवीच्या मुलांसाठी, मराठीत. तो सांगायचा, ताई उतरवायची आणि वाचून दाखवायची. जिथं वाचताना जीभ अडखळेल तिथं मुलाचं डोकंही अडखळणार, असा तिचा नियम. त्यावरून रोज वाद.

"अभिसारी म्हणजे एका जागी पोचणारी क्रमिका, ही व्याख्या आधी दे," ती म्हणायची, "पण लगेच सांग, की कुठं पोचायचं ते माहीत नसेल तर काय करायचं."

"ते पुढच्या प्रकरणात. पुढची पुढची पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ येताहेत एवढं दाखवलं, की मुक्काम माहीत असायची गरज नाही. ती कुठंतरी पोचणारच."

"आणि पोचायच्या जागी नेमकं भोक असलं तर?"

"वास्तव संख्यांच्या रेषेत भोक नसतं, ताई. अपूर्णांकांच्या रेषेत असतं. तेच तर सगळं प्रकरण आहे."

"मग असं लिही ना! 'भोक' म्हण. 'पूर्णत्वाचा गुणधर्म' म्हणालास की मुलं झोपतात."

तिच्या हट्टापायी पुस्तकात 'भोक' आलं.

शेवटची दोन प्रकरणं उतरवून झाली होती, वाचून तपासायची बाकी होती, तेव्हा ताईचा आवाज बसला. सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. गरम पाणी, गुळण्या, विश्रांती. पण आवाज परत वर येईना. छोट्यानं सगळ्यांत आधी ओळखलं, कारण तोच तो रोज ऐकत होता. "ताई, तुझ्या आवाजाला कड आली आहे," तो म्हणाला. "हे थंडीचं नाही."

ती निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण इस्पितळात तिला ओळखणारे अजून होते. गळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आठवड्यानं तिला समोर बसवून सरळ सांगितलं. गाठ स्वरयंत्रावर होती आणि पसरलेली होती. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास मानेतल्या छिद्रातून घ्यावा लागेल.

"आणि बोलणं?" ताईनं विचारलं.

डॉक्टरीणबाई गप्प राहिल्या. बोर्डावर असताना ताईनं असे गप्प राहणारे पुष्कळ ऐकले होते.

घरी येऊन तिनं भावजयीला आधी सांगितलं. मग मागच्या खोलीत गेली. छोट्या खुर्चीत बसून होता.

"बोल," तो म्हणाला. "पाय ओढत आलीस म्हणजे चांगलं नाही."

तिनं सांगितलं. तो म्हणाला, "काढलं नाही तर?"

"तर मीच राहणार नाही."

"मग काढायचंच," तो म्हणाला, आणि त्याचा हात टेबलावर उगाच काहीतरी शोधत फिरत राहिला.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी भावजयीनं ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणलं. "ताई, काहीतरी बोलून ठेवा. काहीही." ताई यंत्रासमोर बसली. पण स्वतःचं बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तिनं आयुष्यभर दुसऱ्याचं वाचलेलं होतं. "प्रकरण सहा वाचू का?" तिनं विचारलं.

"नको," छोट्या म्हणाला. "गणित नको. एकदा मला हाक मार. लहानपणी अंगणातून मारायचीस तशी."

बसक्या आवाजात तिनं हाक मारायचा प्रयत्न केला. 'छोट्या'मधला 'छो' आला आणि पुढचा आवाज फाटून गेला. तिनं परत केला. तोही फाटला. भावजयीनं यंत्र बंद केलं आणि डोळ्यांना पदर लावला. "राहू दे," छोट्या म्हणाला. "मला ऐकू आली."

शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर किरणोपचार. ताई घरी आली ती निम्मी होऊन, मानेला पांढरा रुमाल बांधून.

आंधळा आणि मुकी एका घरात राहायला लागल्यावर काय होतं, ते त्यांना दिवसेंदिवस कळत गेलं. तो बोलायचा, ती ऐकायची, आणि उत्तर द्यायला तिच्याकडं काही नव्हतं. ती समोर उभी असताना तो "ताई कुठं आहे?" असं बायकोला विचारायचा. एकदा ती वाकून जमिनीवरचा कागद उचलत होती आणि तो तिच्यावरच आदळून पडला. उठून तो ओरडला, "सांगायचं तरी होतंस!" आणि ओरडल्यावर स्वतःच भिंतीला धरून उभा राहिला.

गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं होतं. ते गळ्यावर टेकवायचं, तोंडानं शब्द करायचे, यंत्र त्यांना घरघरता आवाज द्यायचं. पण किरणांनी मानेची कातडी कडक झाली होती. नुसती घरघर निघायची, शब्द फुटायचा नाही. छोट्या ते ऐकताना दोन्ही हात मांड्यांवर दाबून बसायचा. तिनं ते कपाटात ठेवून दिलं.

मग चिठ्ठ्या सुरू झाल्या. ताई लिहायची, भावजय वाचून दाखवायची. "ताई विचारतायत, चहा हवा का? नको म्हणा, दूध नासलंय." किंवा, "ताई म्हणतायत, केस वाढलेत. ते मीही तुम्हाला दोनदा सांगितलंय, पण माझं कोण ऐकतंय!" घरात थोडं हसू परत आलं. पण गणित काही परत आलं नाही. भावजयीनं एकदा सहाव्या प्रकरणाचा कागद हातात घेतला. दोन ओळींत ती घामाघूम झाली. "यात अक्षरांपेक्षा किडेमकोडेच जास्त आहेत," म्हणाली आणि कागद खाली ठेवला. संगणकही वाचायचा, पण मजकूर संपून चिन्हं आली की तो वात झाल्यासारखं काहीतरी बरळायचा. छोट्यानं पुस्तकाचं नाव काढणं बंद केलं. तो कॉलेजातून येऊन मागच्या खोलीत दार लावून बसायचा, आणि पुढच्या खोलीतलं शिवणाचं मशीन तेवढं चालू असायचं.

एका दुपारी भावजय कापड आणायला बाजारात गेली होती. ताई मागच्या खोलीत शिरली. तिनं त्याचा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर बोटानं एक अक्षर काढलं.

तो दचकला. "काय करतेस?"

तिनं परत काढलं. सावकाश, मोठं.

"व," तो म्हणाला. मग, "वा. वाच. वाचू?"

तिनं त्याच्या तळव्यावर दोनदा थापटलं. हो.

डोळे गेले तेव्हा तो आठवीत होता. अक्षरं त्याला पाठ होती. इतकी वर्षं वापरली नव्हती, एवढंच. तिनं सहावं प्रकरण उघडलं, डाव्या हातानं ओळ धरली आणि उजव्यानं त्याच्या हातावर लिहायला लागली. 'दिलेल्या प्रत्येक' हे दोन शब्द त्याला लागायला बराच वेळ गेला. पुढं चिन्ह होतं. ते तिनं काढलं.

"तीन?" तो म्हणाला. "नाही, उलटा तीन आहे. तू चुकून उलटा काढलास."

तिनं एकदाच थापटलं. नाही. परत तेच काढलं.

"दिलेल्या प्रत्येक उलट्या तीनसाठी? म्हणजे काय?"

ती थांबली. मग तिनं त्या चिन्हाशेजारी त्याच्या तळव्यावर अक्षरांनी लिहिलं : ए, प्सि, लॉ, न.

छोट्याचा हात तिच्या हातात तसाच राहिला.

"एप्सिलॉन असा असतो?" शेवटी तो म्हणाला. "असा?"

त्याची आणि एप्सिलॉनची ओळख डोळे गेल्यावरची होती. त्याच्यावर त्यानं शोधनिबंध लिहिले होते, पिढ्यान् पिढ्या मुलांना तो शिकवला होता, झोपेतही बरळला होता, पण तो दिसतो कसा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. त्याला तो फक्त ताईच्या आवाजात ठाऊक होता.

"परत काढ," तो म्हणाला.

तिनं काढला.

"परत."

मग त्यानं स्वतःच्या बोटानं तिच्या तळव्यावर तो काढून पाहिला, एकदा, दोनदा, नवीन अक्षर शिकणाऱ्या पोरासारखा. "आणि सिग्मा?" तिनं सिग्मा काढली. "अरे, हा तर कुशीवर झोपलेला इंग्रजी एम!" तो हसला. हसता हसता त्याचा चेहरा मोडला आणि त्यानं तिच्या हातावर कपाळ टेकलं. मानेतल्या छिद्रातून ताईचा श्वास जोरात येऊ-जाऊ लागला. तिचं रडणं आता तसं वाजायचं.

त्या दिवसापासून सहावं प्रकरण पुढं सरकायला लागलं. गोगलगायीच्या गतीनं, पण सरकायला लागलं. काही खुणा त्यांनी ठरवून घेतल्या : मनगटावर रेघ म्हणजे नवी ओळ, अंगठ्यावर टिचकी म्हणजे 'म्हणून', करंगळी ओढली म्हणजे 'हे मला पटलं नाही'. करंगळी फार ओढली जायची. "अगं, तुटेल!" तो ओरडायचा. पदं शून्याकडं गेली एवढ्यावर श्रेणी अभिसारी ठरत नाही, हे पुस्तकात तीन ठिकाणी यायला हवं, असं तिचं म्हणणं, कारण मुलं दर वर्षी तिथंच माती खातात. त्याच्या मते एकदा पुरे होतं. शेवटी दोनदा ठरलं.

भावजय दारातून बघायची. एकदा म्हणाली, "आधी निदान ऐकू तरी यायचं."

हिवाळ्यात ताईला खोकला सुरू झाला. ती एकटीच इस्पितळात जाऊन आली. फोटो काढले होते. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडासमोर धरले आणि यावेळी काही समजावत बसल्या नाहीत. ताईच्या खांद्यावर हात ठेवून राहिल्या. ताईनं चिठ्ठीवर लिहून विचारलं, 'उपाय?' बाईंनी नकारार्थी मान हलवली. औषध होतं, पण ते दुखणं कमी करण्यापुरतं.

घरी येऊन तिनं कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शिवणाच्या मशीनजवळ स्टूल ओढलं आणि भावजयीपुढं एक कागद ठेवला. त्यावर चिन्हं आणि पुढं त्यांची नावं.

"हे काय?" भावजय म्हणाली. "ताई, मी गणितात काठावर पास झालेय. तेही मास्तरांना माझी दया आली म्हणून."

ताईनं बोट कागदावर टेकवलं ते हलवलंच नाही.

रोज दुपारी तासभर हे चालू झालं. भावजय शिवणाऱ्या बाईच्या नजरेची होती; मापातला केसाएवढा फरक तिला दिसायचा. चिन्हं तिला आठवड्यात ओळखू यायला लागली. घोळ व्हायचा तो लहान-मोठ्याच्या खुणेत. ताईनं लिहून दिलं : 'उघडं तोंड मोठ्याकडं.' "म्हणजे सासरच्या माणसांसारखं," भावजय म्हणाली. ताईचे खांदे हसण्यानं गदगदले, आणि मग खोकला आला तो थांबेना.

मग एके दिवशी ताईनं तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं. भावजय कानकोंडी होऊन खुर्चीच्या कडेवर टेकली आणि वाचायला लागली. "प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक... एन... सापडतो की..."

छोट्या ऐकत राहिला. दोनदा त्यानं दुरुस्त केलं, एकदा वैतागला, एकदा "छान!" म्हणाला. पान संपल्यावर तो मान वळवून, जिथून ताईच्या श्वासाचा आवाज येत होता तिकडं तोंड करून म्हणाला :

"ताई, तू हिला का शिकवतेस?"

भावजय खुर्चीतून उठून भिंतीशी गेली.

"माझा हात आहे. मला लागतंय की सगळं. मग हिला का?"

ताई उठली, त्याच्यासमोर बसली आणि तिनं त्याचा तळवा उघडला. कुठल्या शब्दापासून सुरुवात करावी हे तिनं रात्रंदिवस घोकलं होतं. तिनं लिहिलं : 'फु'. मग 'प्फु'.

छोट्यानं मूठ मिटली. तिचं बोट आतच अडकलं.

"नको," तो म्हणाला. "लिहू नकोस."

भावजय भिंतीला टेकली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून आवाज नव्हता. तिला हे कधीच उमजलं होतं. ताईंनी सांगितलं नाही म्हणून तीही बोलली नव्हती. छोट्यानं मूठ तशीच धरून ठेवली, लहान मूल हातातलं देत नाही तशी. ताईनं दुसऱ्या हातानं त्याचे केस सारखे केले. ऊन टेबलावरून खाली उतरलं, तेव्हा त्यानं मूठ आपण होऊन सोडली आणि तळवा वर केला.

"पूर्ण कर," तो म्हणाला.

तिनं 'स' लिहिला.

पुस्तक उन्हाळ्याच्या आधी छापखान्यात गेलं. तपासायला मुद्रितं आली, तोपर्यंत ताईला बसवत नव्हतं. तिची खाट मागच्या खोलीत आणली होती, टेबलाला लागून. भावजय मुद्रितं वाचायची, छोट्या ऐकायचा, आणि कुठं चुकलं की ताई खाटेच्या लोखंडी दांडीवर अंगठीनं टकटक करायची. भावजयीच्या वाचनाला आता लय आली होती. तिचा आवाज भरडा होता, शिवणाच्या मशीनवरून बोलायची सवय असलेला. डोळे मिटून ऐकताना ताईला कधी बरं वाटायचं, आणि कधी आपल्या ताटात दुसरं कुणी जेवतंय असं वाटायचं. तसं वाटल्याची तिला लाज वाटायची. पण वाटायचं.

त्या दुपारी भावजय अभिसाराच्या कसोटीचं पान वाचत होती. "...तर एन-पुढच्या कुठल्याही सलग पदांच्या बेरजेचं केवल मूल्य एप्सिलॉनपेक्षा जास्त असतं."

चूक ताईनं ऐकली. जास्त नाही, कमी. तिनं बोट दांडीकडं न्यायचं ठरवलं. बोट चादरीवरून थोडं सरकलं आणि तिथंच राहिलं.

छोट्या मान कलती करून थांबला होता. चूक त्यालाही कळली होती; तो टकटक होण्याची वाट बघत होता.

"ताई?" तो म्हणाला.

तो उठला, टेबलाची कड धरत खाटेपाशी आला, जमिनीवर बसला आणि चाचपडत तिचा हात शोधून आपला तळवा त्याखाली धरला. "सांग, ताई. काय चुकलं?"

ताईला पानाबद्दल काही सांगायचं नव्हतं. तिनं लिहिलं, 'दमले'. मग थोडं थांबून, 'पुरे'.

बोटात जोर नव्हता. अक्षरं हातावर उमटलीच नाहीत, नुसतं काहीतरी फिरल्यासारखं झालं. ती त्याचा चेहरा बघत होती. लहानपणापासून खोटं बोलताना त्याची डावी भुवई वर जायची, आणि हे त्याला कधीच माहीत नव्हतं.

"हं," तो म्हणाला. "कळलं, ताई. कळलं." भुवई वर गेली होती.

मग बायकोकडं तोंड करून तो म्हणाला, "'कमी' आहे ते. आणि पान पहिल्यापासून घे. ताई म्हणतेय, घाई करू नकोस."

भावजयीनं नाक पुसलं, पान सारखं केलं आणि वरच्या ओळीपासून सुरुवात केली. छोट्या तळवा तसाच धरून बसून राहिला. ताईनं डोळे मिटले आणि सगळं पान ऐकलं.